एकीच्या उशाशी

१४ जून

सासूबाई,

पाया पडते. निघताना तुम्ही पाय आत ओढून घेतलेत, म्हणून इथून पडते. एवढ्या लांबून काही ओढता यायचे नाहीत.

सुखरूप पोचले. शेजारच्या ताई, तुम्हीच हे वाचून दाखवणार. शिलाईचं काम जरा बाजूला ठेवा. सासूबाई म्हणतील, “मला नको त्या बयेचं काही.” तरी वाचा. भिंतीकडे तोंड करून का होईना, त्या ऐकतात.

फोन नाही केला म्हणून राग नको. फोन इथल्या मॅडमकडे आहे. कामात लक्ष राहत नाही म्हणून त्या ठेवून घेतात. पासपोर्ट साहेबांच्या कपाटात, कुलपात आहे, तेव्हा हरवायची भीती नाही. इथला ड्रायव्हर भला माणूस आहे, आपल्यासारखाच पोटामागे आलेला. पत्रं तोच टाकेल. तुमचं उत्तर त्याच्या खोलीच्या पत्त्यावर पाठवा.

घर मोठं आहे. मला वेगळी खोली दिलीय. जेवणखाण वेळेवर आहे.

ताई, पुढचं मनात वाचा. खोली म्हणजे कपडे धुण्याच्या मशीनची जागा. मी पाय लांब केले की दार लागत नाही. एजंट म्हणाला होता, दोन मुलं सांभाळायची. मुलं माझ्या खांद्याला लागलीत, त्यांना कोण सांभाळतंय! सांभाळायचंय ते साहेबांच्या आईला. उजवं अंग लुळं पडलंय, जीभ जड झालीय, अंथरुणातच सगळं. ते करून घरची फरशी, भांडी, इस्त्री, आणि आठवड्यातून दोनदा मॅडमच्या बहिणीचं घर. हे सासूबाईंना नको.

आता मोठ्यानं वाचा.

सासूबाई, ठकीचे बाबा इमारतीच्या कामावर परमुलखात गेले आणि पेटीतून परत आले, हे तुम्ही विसरला नाहीत आणि मीही नाही. “एकाला गिळलं, आता तू चाललीस त्याच तोंडात,” असं तुम्ही म्हणालात. पण मी काही उंचावर चढणार नाहीये. घरकाम आहे. फरशीवरून पडून कोणी मरत नाही. तिथे राहून चार घरची भांडी घासत होतेच, तरी ठकीच्या शाळेची आणि तुमच्या औषधांची तोंडमिळवणी होत नव्हती. दोन वर्षं डोळ्यांवर पट्टी बांधायची, की झालं.

ठकीच्या केसांत गुंता फार होतो. खालून सोडवत वर जायचं, म्हणजे ती रडत नाही.

तुमची सून


२२ जुलै

सासूबाई,

साहेबांच्या आईला मी आजी म्हणते. ती मला काय म्हणते ते कळत नाही, आणि तेच बरं आहे. पहिल्या आठवड्यात तिनं डाव्या हातानं वाटी भिरकावली. माझ्या कानाला वारा लागला. मग जे काही बोलली त्याला अर्थ लागत नव्हता, पण सूर ओळखीचा होता. म्हटलं, वा, हे तर माहेरी आल्यासारखं झालं! रागावू नका. तुमची आठवण आली एवढंच सांगायचं होतं.

आता तिचे काही शब्द कळतात. पाणी, पुरे, दुखतंय, खिडकी. खिडकी फार लागते तिला. खाली गाड्या लावायची जागा आहे, बघण्यासारखं काही नाही, पण कोण आलं कोण गेलं ते बघत बसते. मी तिच्याशी मराठीतच बोलते. “काय हो आजी, आज कोणाची बातमी?” ती तिच्या भाषेत काहीतरी सांगते. दोघींचं छान चालतं.

तिची पाठ मी रोज पुसते, पावडर लावते, कुशीवर वळवते. अंगाला जखम होऊ द्यायची नाही, डॉक्टरनं बजावलंय. पाय चेपते. चेपता चेपता मनात येतं, घरात नऊ वर्षं तुमच्याबरोबर राहिले, तुम्ही कधी पायाला हात लावू दिला नाहीत. “मला काय झालंय?” म्हणायचात. आणि इथे कुठली कोण बाई, तिच्या घोट्यावर कुठे तीळ आहे तेसुद्धा मला पाठ झालंय.

ताई, मनात: मॅडमच्या बहिणीकडे बाथरूम धुण्याचं औषध हातावर सांडलं. डाव्या हाताचं कातडं सोललंय. बरं होईल. वाचू नका.

ठकी अजून अंगठा चोखते का?

तुमची सून


९ सप्टेंबर

सासूबाई,

ताईंचं पत्र आलं. ड्रायव्हरनं जिन्यात हातात दिलं. मशीन चालू करून त्याच्या आवाजात वाचलं, कारण वाचताना हसू आलं आणि पाठोपाठ रडू.

ताई लिहितात, त्या वाचताना मध्येच थांबल्या, तशा तुम्ही भिंतीकडे बघतच म्हणालात, “काय गं, काय गिळलंस? वाच ते.” ताई म्हणाल्या, काही नाही, अक्षर लागत नाही. तर तुम्ही म्हणालात, “माझ्या सुनेचं अक्षर मोत्यासारखं आहे. वाच.” मग त्यांना सगळं वाचावं लागलं. आधीचं पत्रही काढायला लावलंत. मशीनच्या खोलीचंही कळलं.

माझ्या सुनेचं, असं म्हणालात. मी ते वाक्य कितीदा वाचलं कोण जाणे.

आणि मग म्हणालात, “तिला म्हणावं, हाताला खोबरेल लाव. आणि पाय लांब करता येत नाहीत तर तिरकं झोप. तेवढीही अक्कल नाही.” सासूबाई, मी तिरकी झोपते आता. खरंच दार लागतं.

तेव्हा आता लपवाछपवी बंद. ताई, यापुढे सगळं मोठ्यानं.

ठकीचा निरोपही पोचला. “आईला सांगा, तू पेटीतून येऊ नको, चालत ये.” ती बाबांच्या वेळी एवढीशी होती, तिला काही आठवत नसेल असं मी धरून चालले होते. तिला सांगा, आई चालत येईल. रस्ता संपला तर पोहत येईल. पण पेटीतून नाही.

आजी बरी आहे. माझा हात भाजलेला बघून तिनं मॅडमला काहीतरी सुनावलं. जीभ वळत नाही, पण सासू ती सासूच. मॅडमनी संध्याकाळी रबरी मोजे आणून दिले. आता मी भात मऊ करून भरवला की पहिला घास ती माझ्या तोंडाकडे करते. मी खाल्ल्याशिवाय खात नाही. मॅडमना हे आवडत नाही, म्हणून दार लोटून जेवतो.

तुमची सून


३ नोव्हेंबर

सासूबाई,

तुम्हाला दवाखान्यात नेलं होतं, आणि हे मला तीन आठवड्यांनी कळतंय. छातीत पाणी झालंय, हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. ताई लिहितात, जिना चढवत नाही, आडवं झालं की दम लागतो, बसूनच झोपता. आणि वर ताईंना तंबी, की सुनेला कळवायचं नाही. लपवाछपवी बंद ठरलं होतं ना? तो नियम मलाच होता का?

पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी साहेबांपुढे उभी राहिले. ते आजीच्या खोलीत येतात, ऑफिसला जाताना तिच्या कपाळाचा मुका घेतात. तेव्हाच धरलं. माझ्या मोडक्या भाषेत सांगितलं, माझी आई आजारी आहे, मला जाऊ द्या, मी परत येते. सासू हा शब्द मला त्यांच्या भाषेत येत नाही. आई हा येतो.

साहेब वाईट माणूस नाहीत. आवाज चढवत नाहीत. म्हणाले, “मग माझ्या आईला कोण बघणार?” मी म्हटलं, दुसरी बाई मिळेपर्यंत थांबते. ते म्हणाले, “तिला तुझीच सवय झालीय. तू गेलीस तर ती खाणार नाही.” मी पुन्हा हात जोडले. तेव्हा त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, “हे बघ, आई काही फार दिवसांची सोबती नाही. ती गेली की तू जा. तिकीट मी काढून देतो.”

आजी पलंगावर होती. डोळे उघडे होते. आपल्याकडेही लोक आजारी माणसाच्या पुढ्यात असंच बोलतात, जणू जीभ गेली म्हणजे कानही गेले.

तुमच्यापासून आता काही लपवायचं नाही म्हणून लिहिते. त्या दिवशी तिचं अंग पुसताना माझ्या मनात आलं, किती दिवस? आणि तो विचार येताच मला किळस आली स्वतःची. पाठीवर हात तसाच ठेवून उभी राहिले. मी नीट केलं तर ती जगणार, ती जगली तर मी अडकणार, आणि तिकडे तुम्ही बसून झोपताय. सासूबाई, देवानं मला कुठल्या चिमट्यात धरलंय?

औषधं वेळेवर घ्या. पाठीशी उशा लावा, दोन उभ्या आणि एक आडवी. आजीला तसंच बरं वाटतं.

तुमची सून


२८ नोव्हेंबर

सासूबाई,

आजी खात नाहीये.

आधी वाटलं पोट बिघडलं. मग वाटलं माझं काही चुकलं. घास पुढे केला की ओठ घट्ट मिटून घेते. पाणी घेते, तेही दोन चमचे. डॉक्टर येऊन गेले, रोजचं सलाईन लावलं, म्हणाले तसं काही कारण दिसत नाही. मॅडम मला म्हणाल्या, तूच काहीतरी केलं असशील.

काल दुपारी घरात कोणी नव्हतं. मी वाटी घेऊन बसले आणि म्हटलं, “आजी, का असं करताय? माझ्यासाठी एक घास.” तिनं डावा हात उचलला, माझ्या छातीवर बोट ठेवलं आणि मग खिडकीबाहेर बोट केलं. पुन्हा माझ्याकडे, पुन्हा खिडकीकडे. मला कळेना. तेव्हा तिनं तो एक शब्द म्हटला जो मी साहेबांपुढे हात जोडून म्हटला होता. आई. आणि परत खिडकीकडे बोट.

तू तुझ्या आईकडे जा, म्हणत होती. मी मरते, तू जा.

माझ्या हातातली वाटी सांडली. मी तिच्या पलंगाशी बसले आणि ओरडून रडले. कोणी ऐकलं असतं तर कामावरून गेले असते. तिला म्हटलं, “अहो, मला हे पाप नको. तुमच्या जिवावर तिकीट काढून मी घरी कोणत्या तोंडानं जाऊ? माझी सासू मला दारात उभी करणार नाही.” मराठीत बोलले सगळं. तिला काय समजलं कोणास ठाऊक. ती माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. पण तोंड उघडलं नाही.

मी काय करू? तुम्ही सांगाल ते करीन.

तुमची सून


२१ डिसेंबर

सासूबाई,

तुमचा निरोप आला. ताईंनी तुमचे शब्द जसेच्या तसे लिहिलेत. “तिला म्हणावं, म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवून आलीस तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. नाक दाबून भरव. आणि त्या बाईला सांग, माझी काळजी करू नको म्हणावं, मी कुठे पळून चाललेय? मी थांबते.”

मी थांबते. एवढंच पाहिजे होतं मला.

मी ते पत्र आजीपुढे धरलं आणि मोठ्यानं वाचलं, जसं ताई तुम्हाला वाचतात तसं. मग मला येत होते तेवढे शब्द जुळवले. माझी आई, थांबते, तू, खा. पुन्हा पुन्हा म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी तिनं ओठ उघडले, आणि मग नेहमीसारखा पहिला घास माझ्याकडे ढकलला. मी खाल्ला, तिनं खाल्ला. पाच-सहा घास गेले. तुमच्यामुळे गेले, सासूबाई. इतक्या लांबून तुम्ही एका बाईला जेवू घातलंत.

आता तिला जरा तरतरी आलीय. फक्त परवा एक गोष्ट झाली. बैठकीत फोन वाजला, मॅडमनी घेतला, थोडं बोलल्या आणि ठेवला. आजीच्या खोलीचं दार उघडं होतं. मी इस्त्री करून आले तर ती रडत होती. माझा हात धरला तो सोडेचना. मला वाटलं दुखतंय कुठे. सगळं अंग तपासलं, कुठे जखम नाही. संध्याकाळपर्यंत तशीच हात धरून होती, मॅडम कामाला हाका मारत होत्या तरी.

तुम्ही थांबा हं. साहेबांना मी पुन्हा विचारणार आहे. ठकीला तुमच्याजवळच निजवा, म्हणजे तुम्हाला काही लागलं तर ती ताईंना हाक मारील.

तुमची सून


१५ जानेवारी

ताई,

तुमचं पत्र मिळालं.

मी तुम्हाला काय लिहू? तुम्ही आणि तुमच्या घरच्यांनी सगळं केलंत. पोटच्या पोरानं करावं तसं केलंत. कोणत्या जन्मी फेडू?

तुम्ही लिहिलंय, एजंटनं दिलेल्या नंबरवर त्याच दिवशी फोन केला होता, तुमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलंत, आणि पलीकडच्या बाई “सांगते” म्हणाल्या. ताई, मला कोणी सांगितलं नाही. तुमचं पत्र येईपर्यंत मला माहीत नव्हतं. मी त्यांना थांबा थांबा म्हणून लिहीत होते, उशा कशा लावा ते मनात जुळवत होते, आणि त्या गेलेल्या होत्या.

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस. आई त्याच आठवड्यात खायला लागली होती. आणि तू जाऊन करणार काय होतीस?” इस्त्रीचे कपडे हातात देत म्हणाल्या.

आजीला माहीत होतं. फोनवरचं तिनं ऐकलं होतं. ज्या दिवशी ती रडत होती आणि मी तिच्या अंगावर जखमा शोधत होते, त्या दिवशी ती माझ्या सासूबाईंसाठी रडत होती. घरात दुःख करणारी ती एकटीच, आणि मला सांगायला तिच्याकडे जीभ नाही.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, आता तरी जाऊ द्या, माझी मुलगी शेजाऱ्यांकडे आहे. त्यांनी दुःख वाटल्यासारखं तोंड केलं. खरंच वाटलंही असेल. म्हणाले, “जिच्यासाठी जायचं होतं ती तर गेली. मग आता घाई काय? करार पुरा कर.”

आजीच्या खोलीतच म्हणाले. यांना बोलायला दुसरी जागाच नाही.

तुम्ही लिहिलंय, शेवटच्या दिवशी सासूबाई माझं नाव घेत नव्हत्या, पण ठकीचे केस विंचरून घेत होत्या तुमच्याकडून, आणि म्हणत होत्या, “खालून सोडव गं, खालून. तिच्या आईनं सांगितलंय.” ताई, हे लिहिलंत ते बरं केलंत. आणि नसतं लिहिलंत तरी बरं झालं असतं.

ठकीला जवळ घ्या.


२ एप्रिल

ताई,

मधल्या काळात लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

साहेब “घाई काय” म्हणाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे सकाळी आईच्या कपाळाचा मुका घ्यायला वाकले. आजीनं डावा हात त्यांच्या छातीला लावला आणि त्यांना मागे ढकललं. मुठीत जोर तो किती असणार, पण साहेब मागे सरले. त्यांना वाटलं, चुकून झालं. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशी तेच. जेवत होती, औषध घेत होती, माझ्याशी गप्पा चालू होत्या. फक्त मुलगा खोलीत आला की डोळे मिटून घ्यायची. त्यानं हाक मारली तर उघडायची नाही. आठवडे गेले. मॅडम म्हणाल्या, म्हातारपणात डोकं फिरतं. साहेबांना मात्र कळलं होतं. एक दिवस मी चहा घेऊन गेले तर ते पलंगाशी खाली बसले होते, लहान पोर बसतं तसे, आणि आईचा हात धरायला बघत होते. ती धरू देत नव्हती.

गेल्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. कपाटातून पासपोर्ट काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, “तू जा. म्हणजे ती माझ्याशी बोलेल.”

नवी बाई आलीय. माझ्यापेक्षा लहान आहे, अंगावर पिणारं मूल मागे ठेवून आलीय. पहिल्या दिवशी तिच्या कपड्यांना दुधाचे डाग होते. मी तिला सगळं दाखवलं. कुशीवर कसं वळवायचं, भात किती मऊ, खिडकी कधी उघडायची. पहिला घास आधी स्वतः खायचा, हे कानात सांगितलं. मशीनपाशी तिरकं झोपायचं, तेही सांगितलं. ती मान हलवत होती. तिला माझी भाषा येत नाही.

आजीला मी सांगितलं, जाते. तिनं ऐकलं आणि तोंडभर हसली, अर्ध्या तोंडाचं हसू. पाठोपाठ तिचा चेहरा कोसळला. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं ओढून घेतले नाहीत. घेता येतच नाहीत तिला. बराच वेळ तशीच राहिले. कोणाच्या पायांवर होते ते माझं मलाच कळत नव्हतं.

साहेब दारात उभे होते. आजीनं त्यांच्याकडे बघितलं. हात पुढे केला की नाही, ते बघायला मी थांबले नाही.


४ एप्रिल

माझी ठके,

ताई म्हणतात तुला आता जोडाक्षरं वाचता येतात. म्हणून हे पत्र तुझं आहे. अडलं तर ताईंना विचार.

मी येते आहे. तिकीट महिनाअखेरचं आहे, म्हणजे हे पत्र माझ्या आधी पोचेल. ड्रायव्हरकाका मला विमानतळावर सोडणार आहेत. तिथून विमान, मग गाडी, मग एसटी, आणि स्टँडपासून चालत.

तू ताईंकडे राहतेस, त्यांना आई म्हणायला लागलीस, हे ताईंनी मला घाबरत घाबरत कळवलं. तू घाबरू नकोस आणि त्यांनाही सांग, मला राग नाही आला. जिनं पोट दुखताना उठून ओवा दिला तिला आई म्हणायचं, त्यात चूक काय?

आपलं दार बंद असेल. ते मी उघडेन. झाडून घेईन, तुझ्या आजीची भांडी घासून ठेवीन. आजीचं अंथरूण काढायची मला हिंमत झाली नाही तर ते तसंच राहील, तू हात लावू नकोस.

मी काळी झाले आहे आणि बारीकही. हाताचं कातडं वेगळंच दिसतं. मी आले की तुला कदाचित वाटेल, ही बाई कोण. तसं वाटलं तर ताईंच्या मागे लप, चालेल. हाक मारू नकोस, जवळ येऊ नकोस, पाया तर मुळीच पडू नकोस. मी अंगणात पायरीवर बसून राहीन. मला कुठेच जायचं नाहीये. तुला वाटेल तेव्हा ये.

आई